एका गुंठ्याचं इरलं

आषाढ-श्रावणात कोथिंबिरीची जुडी बारीक होत जाते आणि भाव चढत जातो. सगळं रान हिरवंगार असताना पालेभाजी महाग का, हा प्रश्न शहरातल्या गिऱ्हाइकाला पडतो. शेतकऱ्याला पडत नाही, कारण उत्तर त्याच्या वाफ्यातच पडलेलं असतं. कोथिंबिरीचं देठ कोवळं आणि पान पातळ. चार दिवस झड लागली की मातीचे शिंतोडे पानांवर बसतात, रोपं आडवी होतात, बुडखा कुजायला लागतो. त्यातून जी जुडी हाती लागते ती बाजारापर्यंत जाता जाता सडते. टोमॅटोचं दुखणं आणखी वेगळं. पान तासन्‌तास ओलं राहिलं की करपा रुजतो, पिकत आलेल्या फळाच्या सालीला तडे जातात, आणि त्यावर मारलेलं औषध पुढच्या सरीत धुऊन जातं.

भाजीला पाणी मुळाशी हवं, पानावर नको. भातलावणी करणाऱ्या कोकणातल्या बाईच्या पाठीवर पूर्वी इरलं असायचं. बांबूच्या कामट्यांची चौकट, वर पानांचा थर. पाठ कोरडी आणि हातपाय चिखलात कामाला मोकळे. पावसाळी भाजीला असंच इरलं हवं असतं, आणि ते घरच्या घरी, बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदातून, एक गुंठ्यावर उभं करता येतं. इंग्रजीत याला ‘हाय टनेल’ म्हणतात. आपल्या सरकारी कागदांत ‘वॉक-इन टनेल’ असा शब्द आहे, म्हणजे माणूस ज्यात उभ्याने चालू शकतो असा बोगदा. शेतकऱ्यांच्या बोलण्यात मात्र टनेलच रुळलं आहे, आणि वरच्या प्लॅस्टिकला सगळे ‘कागद’ किंवा ‘पेपर’ म्हणतात.

ही कल्पना जन्मली तीच पैशाच्या टंचाईतून. पॉलिथिनचा शोध १९३३ सालचा, इंग्लंडमधला. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्ट या उद्यानविद्येच्या प्राध्यापकाला काचेचं हरितगृह परवडत नव्हतं. त्याने १९४८ साली लाकडी सांगाड्यावर काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणला. तिथून पुढे हे तंत्र जगभर गेलं. मेन या अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या, बर्फाच्या राज्यात एलियट कोलमन यांनी अशाच साध्या बोगद्यांत भर हिवाळ्यात पालक आणि गाजरं काढून दाखवली. त्यांचा हिशेब असा, की पिकावर प्लॅस्टिकचा एक थर चढवला की ते शेत जणू ५०० मैल दक्षिणेला सरकतं. स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात तर द्राक्षांच्या जुन्या मांडवांवरच लोकांनी प्लॅस्टिक टाकलं. आज तिथे ३०,००० हेक्टरांहून अधिक जमीन या छपराखाली आहे आणि हिवाळ्यात युरोपभर तिथली भाजी जाते.

पण मेनमध्ये शत्रू थंडी आहे. आल्मेरियात पाऊस इतका कमी, वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास, की तिथली कित्येक छपरं सपाट आहेत आणि पडलेलं पाणी खाली जावं म्हणून कागदालाच भोकं पाडलेली असतात. आपल्याकडे कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटावर एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशी गाठतं. म्हणजे जो बोगदा तिकडे ऊब धरून ठेवण्यासाठी चारी बाजूंनी बंद करतात, तो जसाच्या तसा इकडे आणला तर पीक आत शिजेल. दिवसा ३५ अंशांच्या वर पारा राहिला आणि रात्रही उकाड्याची गेली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. झाड हिरवंगार दिसतं आणि फूल गळतं. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडे स्वस्त टनेल बांधायचं तर ते छप्पर म्हणून बांधावं, खोली म्हणून नव्हे. भिंतींचा खर्च मुळात करूच नये. तो पैसा उंचीत, उतारात आणि पायात घालावा.

आडोशाची शेती आपल्याला नवी नाही, हेही सांगायला हवं. मिरज तालुक्यातले पानमळे पाहावेत. शेवरी, शेवगा अशा झाडांचा आधार आणि सावली, वाऱ्याला कुंपणाचा अडसर, आत नागवेलीसाठी दमट गारवा. प्लॅस्टिक येण्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसाने एका नाजूक पानासाठी हवा बदलून दाखवली होती.

सिंधुदुर्गात, कुडाळच्या आतल्या बाजूला एका वाडीत मी असं एक छप्पर पाहिलं. घरच्या दोघांनी बांधलेलं, मुंबईची नोकरी सोडून गावी परतल्यावर. माप होतं १८ फूट बाय ६० फूट. गुणाकार केला तर १,०८० चौरस फूट, म्हणजे गुंठ्याला नऊच फूट कमी. हे माप मला फार शहाणपणाचं वाटलं. एका गुंठ्यावर नवरा-बायको दोघं मजूर न लावता काम उरकू शकतात, आणि चुकलं तर घर बुडत नाही.

सांगाडा माणग्याचा. माणगा हा सिंधुदुर्गातला बांबू. काटे नाहीत, सरळ वाढतो, आणि आतून जवळजवळ भरीव असतो. विदर्भात हेच काम मानवेलीने होईल. दर सहा फुटांवर एक चौकट, अशा ११ चौकटी. प्रत्येक चौकटीत कडेचे दोन खांब साडेसहा फूट उंच, मधला ११ फूट. त्यावर दोन्ही बाजूंना उतरते वासे, खांबाच्या बाहेर एक फूट आलेले. मध्ये आढं, कडेला आडव्या दांड्या, उतारावर प्रत्येक बाजूला दोन-दोन आडव्या काठ्या. सगळा हिशेब मांडला तर पन्नास-साठ काठ्यांत काम होतं.

इथे उताराकडे बारकाईने पाहायला हवं, कारण सगळं त्यावर ठरतं. नऊ फुटांत साडेचार फूट उतार, म्हणजे दोनाला एक. कौलारू घर बांधणाऱ्याला असा उतार सांगावा लागत नाही. पण टनेल म्हटलं की डोळ्यांसमोर गोल कमान येते. लोखंडी पाइप २० फुटी मिळतो. तो १८ फुटांच्या अंतरावर वाकवला की मध्ये जेमतेम पावणेचार फुटांचा उठाव मिळतो आणि माथा सपाटच राहतो. मोठ्या सरीत त्या सपाट माथ्यावर कागदात पाण्याची झोळी होते, झोळीत आणखी पाणी जमतं, आणि एका रात्रीत कागद फाटतो किंवा कमान बसते. कमानच करायची तर दोन पाइप वर टोकाला जोडून निमुळती करावी. प्लॅस्टिकचे पीव्हीसी पाइप वाकवून केलेले सांगाडे दिसायला छान आणि पहिल्या वर्षी स्वस्त. पण उन्हाने ते ठिसूळ होतात, आणि पीव्हीसीचा स्पर्श झालेल्या जागी वरचा कागदही लवकर खराब होतो. माझा त्यांना विरोध आहे.

बांबूचा शत्रू जमीन. मातीत गाडलेला कच्चा बांबू दोन पावसाळ्यांतच बुडाला कुजू लागतो. भुंगा लागला तर कोरडा बांबूही आतून पीठ होतो. त्या वाडीत यावर दोन उपाय केले होते. भंगारातून आणलेले लोखंडी पाइपाचे चार फुटी तुकडे दोन फूट खाली काँक्रीटमध्ये बसवले, आणि बांबू त्यांना बोल्टने जखडला, जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे बांबूचा मातीशी संबंधच येत नाही. दुसरा उपाय भुंग्यावरचा. भुंगा येतो तो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी. जुनी माणसं तोडलेल्या काठ्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवत, त्यात तो अंश निघून जातो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं हा त्याचाच अधिक खात्रीचा प्रकार. काठी तीन वर्षांहून जुनी हवी. कोवळी काठी वाळताना सुरकुतते आणि लवकर किडते. तोडायला कायद्याची अडचण आता नाही. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतात वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर पडला. बांबूचं शास्त्र शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे.

कागद मात्र स्वस्तातला घेऊ नये. ताडपत्रीच्या दुकानातला साधा पारदर्शक प्लॅस्टिकचा रोल एका उन्हाळ्यात चुरा होतो. अतिनील किरणांना टिकणारा, २०० मायक्रॉनचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ८०० गेजचा कागद हवा. तो किलोवर मिळतो. किलोला साधारण साडेपाच चौरस मीटर बसतो. या छपराला कडेला गुंडाळायची जागा धरून २४ फूट बाय ६४ फूट कागद लागला, म्हणजे सुमारे २६ किलो. पैशाचा मोठा वाटा यालाच जातो.

कागद चढवायचा दिवस निवडावा लागतो. वारा नसावा, आणि कोवळं ऊन असावं. थोडा तापलेला कागद ताणला की गार झाल्यावर आणखी घट्ट बसतो. फडफडणारा कागद हमखास फाटतो, म्हणून ताण महत्त्वाचा. बांबूच्या पेरांवर कागद घासू नये म्हणून ठिबकच्या जुन्या नळ्या उभ्या चिरून त्या काठ्यांवर बसवल्या होत्या. पॉलिहाऊसवाले, म्हणजे प्लॅस्टिकची मोठी हरितगृहं चालवणारे, कागद धरायला धातूची प्रोफाइल पट्टी आणि झिगझॅग स्प्रिंग वापरतात. इथे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, स्क्रू आणि वरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आवळलेली नायलॉनची दोरी होती. आणखी एक सूचना कागदाच्या आयुष्यासाठी: गंधकाची फवारणी आणि धुरळणी जपून करावी. गंधक कागदातला ऊन सोसणारा घटक मारतं.

त्या घरच्या बाईंनी मला सगळ्यात आधी दाखवली ती छपराबाहेरची चर. एवढ्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात तो एका दिवसात सहज पडतो, तर १०,००० लिटरहून जास्त पाणी खाली येतं, अर्धं या बाजूला आणि अर्धं त्या बाजूला. ते तिथेच मुरलं तर आडवं झिरपून आतले वाफे भिजवतं, आणि वर कागद असून खाली मूळ कुजतं. म्हणून वळचणीच्या बरोबर खाली दोन्ही बाजूंना हातभर खोल चर, तिला एका टोकाला उतार, आणि आतले वाफे जमिनीपासून वीत-दीड वीत उंच. छपरावर खर्च करणारे पुष्कळ भेटतात, चरीवर घाम गाळणारे कमी. ज्यांचं पहिल्या पावसाळ्यात फसतं, त्यांनी आधी आपली चर तपासावी.

यातली गंमत वाटावी अशी पण अगदी गरजेची गोष्ट म्हणजे ठिबक. बाहेर धो धो पाऊस आणि आत ठिबकचा व्हॉल्व्ह उघडलेला. शेजारच्यांना ते पटत नाही. पण छपराखालच्या मातीला पाऊस मिळतच नाही, आणि म्हणूनच तर पाणी किती द्यायचं हे पहिल्यांदा शेतकऱ्याच्या हातात येतं.

वाऱ्याचा विचार न करता केलेलं छप्पर पहिल्या वादळापर्यंतच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून वर मावळात गेलं. तिथली लोखंडी पॉलिहाऊस वाकली, कागदांच्या चिंध्या झाल्या. मग बांबूचा काय पाड, असं कुणी म्हणेल. पण वारा छप्पर ढकलण्यापेक्षा उचलतो जास्त. २६ किलोच्या कागदाला हजार-बाराशे चौरस फुटांवर वारा खालून भरला की खांब उपटून निघतात. म्हणून पायातलं काँक्रीट, चारही कोपऱ्यांना तिरपे ताण आणि प्रत्येक दुसऱ्या चौकटीत कर्णावर आडवी काठी. पश्चिमेच्या अंगाला गिरिपुष्पाची दाट ओळ किंवा शेडनेटचा पडदा असावा, तो झोत मोडतो आणि तिरपा पाऊसही अडवतो. वादळाचा इशारा आला तर विळा घ्यावा आणि कागदाच्या दोऱ्या कापून टाकाव्यात. कागद गेला तर नवा येतो, सांगाडा वाचतो. पॉलिहाऊसचे जुने शेतकरीही अशा वेळी कागदच फाडतात.

छप्पर कोणत्या दिशेने लांब असावं? आपण १६ ते २२ अंश अक्षांशाच्या पट्ट्यात आहोत. इथे आढं उत्तर-दक्षिण ठेवलं की सावली दिवसभर सरकत राहते आणि कुठलाच वाफा कायम अंधारात राहत नाही. पण मग पावसाळी वारा रुंद बाजूवर येतो. जागा उघड्या माळावरची असेल तर मी वाऱ्याचं ऐकेन आणि आढं पूर्व-पश्चिम टाकेन. परसात, झाडांच्या आडोशाला असेल तर उत्तर-दक्षिण.

घाटावर गणित थोडं बदलतं. जुन्नर, आंबेगाव, निफाडकडे पाऊस कोकणाच्या मानाने कमी, पण गारा आहेत. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात द्राक्षांवर गारा पडल्या. त्यानंतर द्राक्षाच्या बागांवर कागद टाकण्याची चर्चा गावोगाव वाढली. भाजीसाठी तिथे एकच सांगाडा वर्षातून दोन कामं करू शकतो. पावसाळ्यात वर कागद, मार्चनंतर कागद उतरवून ५० टक्क्यांची शेडनेट. पावसाळ्यात मात्र छपरावर शेडनेट मुळीच नको. ढगाळ दिवसांत उजेड आधीच कमी असतो, झाडं उंच आणि लेचीपेची होतात.

बाजू उघड्या ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मधमाश्या. बंद पॉलिहाऊसमध्ये काकडी घ्यायची तर परागीकरणाशिवाय फळ धरणारं महाग बियाणं लागतं. उघड्या छपराखाली साधी गावठी काकडी, दोडका, दुधी चालतो. किडीही येतात, हे खरं. त्याचा बंदोबस्त चिकट सापळ्यांनी आणि वेळच्या वेळी रोगट पानं काढून करावा लागतो. पण किडीपायी चारी बाजूंनी बारीक जाळी लावून आतली हवा कोंडणं, हा त्याहून वाईट सौदा आहे.

काय लावायचं, याबद्दल मी ठाम आहे. पहिल्या वर्षी रंगीत ढोबळी मिरची नको. कोथिंबीर लावा. चाळीसेक दिवसांत काढणीला येते, जून ते सप्टेंबरमध्ये तीन पिकं निघतात, आणि चुकलेलं लगेच कळतं. एका कोपऱ्यात प्रोट्रेमध्ये, म्हणजे खाचांच्या ट्रेमध्ये, मिरची-वांग्याची रोपं करावीत. पावसाळ्यात कोरड्या जागेत वाढलेल्या रोपाला गावातच गिऱ्हाईक मिळतं. टोमॅटो दुसऱ्या वर्षी, तारेवर, सुतळीने वर चढवलेला.

मातीचा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षी समोर येतो आणि तेव्हा फार छळतो. छपराखाली पाऊस पडत नसल्याने खतांचे क्षार धुऊन जात नाहीत. वाफ्यावर पांढरा थर दिसू लागतो. शिवाय तीच ती पिकं घेतली की सूत्रकृमी वाढतात, मुळांवर गाठी येतात, झाड भर दुपारी माना टाकतं. पॉलिहाऊसच्या कित्येक शेतकऱ्यांची जमीन या सूत्रकृमींनी बसवली. घरच्या टनेलला इथे मोठी सवलत आहे, कारण त्याचा कागद उतरतो. मृगाचा पहिला पाऊस मातीवर सरळ पडू द्यावा, वाफे धुऊन निघावेत, मग उघाड पाहून कागद चढवावा. दिवाळीच्या सुमारास, गारांच्या भागात मार्चनंतर, तो उतरवून, पुसून, गुंडाळून अंधाऱ्या जागी ठेवावा. न तापलेला कागद म्हातारा होत नाही, तीन वर्षांच्या सहज पुढे जातो. मे महिन्यात वाफे भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरलं की उन्हाच्या तापाने सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी बरीच मरते. निंबोळी पेंड आणि मधून एखादा हंगाम झेंडू, हे त्याला जोडून. फाटलेला कागद जाळू नये, भंगारात द्यावा.

आता पैसा. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या निकषांत नैसर्गिक हवेच्या लोखंडी पॉलिहाऊसचा खर्च चौरस मीटरला ८४४ ते १,०६० रुपये धरला होता, लाकडी सांगाड्याचा ५४०, बांबूच्या सांगाड्याचा ४५०, आणि वॉक-इन टनेलचा ६००. त्यावर ५० टक्के अनुदान, प्रत्येक लाभार्थ्याला ४,००० चौरस मीटरच्या मर्यादेत. त्या दराने एका गुंठ्याचं लोखंडी पॉलिहाऊस लाखाच्या वर जातं, बांबूचं ४५,००० च्या आसपास. दर पुढे बदलले, ताजे दर तालुका कृषी कार्यालयात मिळतील. मी हे आकडे मांडतो ते प्रमाणासाठी. सरकारच्याच हिशेबात बांबू निम्म्याहून स्वस्त आहे. बांबू घरचा आणि अंगमेहनत घरची असेल तर रोख खर्च कागद, लोखंडाचे तुकडे, सिमेंट, दोरी आणि ठिबक एवढ्यावर येतो.

राज्यात पॉलिहाऊसचं स्वप्न कर्जावर विकलं गेलं. गुलाब, जरबेरा, कार्नेशन, मग रंगीत मिरची. काहींनी त्यातून चांगलं कमावलं. तळेगाव दाभाड्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून नेटकी शेती करणारे आजही आहेत. पण दर पडले, वादळ आलं, माती बिघडली की हप्ता थांबत नाही, आणि पॉलिहाऊस-शेडनेटधारक शेतकऱ्यांवर कर्जमाफीसाठी आंदोलन करण्याची पाळी आली. म्हणून माझा आग्रह आहे, की पहिला गुंठा कर्जाशिवाय करावा. ज्याला एका गुंठ्यावरची हवा, पाणी आणि माती समजली, त्याने मग दहा गुंठ्यांचा विचार करावा. अनुदानाच्या २०१४ च्या यादीत बांबूला जागा होती. कृषी सहायकाने गावातल्या बैठकीत ताजी यादी आपण होऊन सांगावी, आणि बचत गटाच्या बायकांनी एका-एका गुंठ्याचे अर्ज एकत्र घेऊन जावेत.

ज्यांना येत्या पावसाळ्यासाठी हे करायचं आहे, त्यांचं काम जूनमध्ये सुरू होत नाही. बांबू तोडायचा तो पाऊस सरल्यावर, वाढ थांबलेली असताना, कार्तिकापासून माघापर्यंत. पाण्यात मुरवणं, सावलीत वाळवणं यात दोन-तीन महिने जातात. होळीनंतर पाया आणि खांब, मेमध्ये चर आणि वाफे. तेव्हा दिवाळीचा फराळ संपला की बेटात जा, तीन वर्षांहून जुन्या काठ्यांना खूण करा आणि कोयता लावा.